अध्ययनकाळाचा प्रश्न आणि जे. पी. नाईक : मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात

प्राथमिक शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शाळा मोजल्या, पटावरील मुले मोजली, शिक्षकांचे वेतन आणि सरकारी अनुदान यांचे तक्ते दिले. शाळा दिवसातून किती तास आणि वर्षातून किती दिवस भरत असे, ही गोष्ट मात्र बहुधा तळटीपेत राहिली. वस्तुतः शिक्षणविषयक धोरणात काळ हे सर्वांत स्वस्त साधन होय. इमारत बांधावयाची तर पैसा लागतो, शिक्षक नेमावयाचा तर पैसा लागतो. शाळेचे तास कमी करावयाचे तर एक परिपत्रक पुरते. या साधनाचे मोल ओळखून त्याचा सातत्याने विचार करणाऱ्या भारतीय शिक्षणतज्ज्ञांत जयंत पांडुरंग नाईक (१९०७-१९८१) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची या विषयावरील भूमिका आणि मुंबईच्या उपनगरांत शाळेच्या घड्याळाचे प्रत्यक्षात जे झाले ते, यांत बरेच अंतर आहे. ते अंतर कसे पडले हे पाहणे हा येथील विषय आहे.

नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर संस्थानातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. ज्या संस्थानात त्यांचे बालपण गेले तेथे शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला होता. त्याआधी पाचच वर्षे, १९१२ साली, नामदार गोखले यांचे तशाच आशयाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले होते. एका लहान संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नाही, हा विरोधाभास त्या पिढीने उघड्या डोळ्यांनी पाहिला. १९३० च्या कायदेभंगात नाईक तुरुंगात गेले आणि सुटून आल्यावर धारवाडजवळील उप्पिन बेटगेरी या गावी ग्रामसेवेच्या कामात पडले. पुढे दिल्लीत बसून त्यांनी राष्ट्रीय पातळीवरील योजना आखल्या, त्यांच्या मुळाशी या गावातील अनुभव होता असे मानावयास हरकत नाही. शेतीच्या हंगामात पोर शाळेत का येत नाही, हे ज्याने गावात राहून पाहिले त्याला ‘अनुपस्थिती’ हा शब्द दोषदर्शक वाटत नाही.

नाईक मुळात इतिहासकार होते, ही गोष्ट त्यांच्या धोरणविषयक लेखनाच्या वाचकांनी विसरू नये. सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे विद्यापीठांतून पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला. ब्रिटिश अमदानीपूर्वीच्या देशी शाळांचे त्या ग्रंथातील विवेचन आजही महत्त्वाचे आहे. मुंबई इलाख्यात १८२० ते १८३० या दशकात सरकारने या शाळांची चौकशी केली होती. तिचे कागद रामचंद्र विठ्ठल परुळेकर यांनी संपादून अभ्यासकांच्या हाती दिले. त्यांत दिसणारी पंतोजींची शाळा बाह्यतः दरिद्री आहे. तिला इमारत नाही, छापील पुस्तक नाही, वर्ग नाहीत. परंतु काळाच्या बाबतीत ती विलक्षण मोकळी आहे. मूल वर्षातील कोणत्याही दिवशी दाखल होते, आपल्या गतीने शिकते, थोरली मुले धाकट्यांना शिकवितात, सुगीत शाळा ओस पडते आणि पुन्हा भरते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर स्थापन झालेल्या शिक्षणखात्याने याच्या जागी वर्ग, वार्षिक परीक्षा, तपासनीस आणि घंटा ही व्यवस्था आणली. पंतोजीला जातिभेद व स्त्रीशिक्षणाविषयीची अनास्था यांतून सोडवून घेण्याचे कारण नाही. त्याची शाळा बहुसंख्यांची नव्हती. पण नव्या व्यवस्थेने त्याच्या दोषांबरोबर त्याचा एक गुणही टाकून दिला, हे नाईकांचे निरीक्षण रास्त आहे.

यावरूनच १९७० नंतरच्या आपल्या लेखनात त्यांनी प्रचलित शाळेची तीन लक्षणे वारंवार सांगितली. प्रवेशाचे दार एकच, तेही पहिल्या इयत्तेशी. पुढील वाटचाल वर्षामागून वर्ष ठरलेल्या पायऱ्यांनी. आणि हजेरी पूर्णवेळ, अन्यथा मुळीच नाही. सहाव्या वर्षी जो आत आला नाही त्याला दार कायमचे बंद. दहाव्या वर्षी ज्याला काम करावे लागले त्याला पूर्णवेळ शाळा अशक्य, आणि अर्धवेळ शाळा अस्तित्वातच नाही. या दारांची संख्या वाढवावी आणि अर्धवेळ शिक्षणास पूर्णवेळाइतकी मान्यता द्यावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

आता मुंबईकडे वळावयाचे. शाळेच्या घड्याळाचा प्रश्न नाईकांच्या आधी या शहरात एका अधिकाऱ्याने हाती घेतला होता. ते म्हणजे वर उल्लेखिलेले परुळेकर. मुंबई महापालिकेच्या शाळा समितीचे सचिव म्हणून त्यांनी काम केले होते आणि नाईक त्यांना गुरुस्थानी मानीत. १९२९ साली हार्टॉग समितीने असा हिशेब मांडला की, १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले १९२५-२६ साली चौथीत पोचली. उरलेल्यांवरील खर्च हा अपव्यय, तेव्हा विस्तार थांबवून आधी शाळा सुधाराव्या, असा समितीचा निष्कर्ष होता. सरकारी खात्याला तो सोयीचा होता. परुळेकरांनी १९३९ साली ‘लिटरसी इन इंडिया’ या ग्रंथात त्याचा कडाडून प्रतिवाद केला. त्यांच्या मते गुणवत्तेच्या नावाने विस्तार रोखणे म्हणजे जे शाळेबाहेर आहेत त्यांच्या पैशाने जे आत आहेत त्यांची सोय पाहणे होय. मग पैसा नसताना विस्तार करावयाचा कसा? त्यांचे उत्तर रोखठोक होते : एका शिक्षकाने आणि एका खोलीने दिवसातून दोन वेळा शाळा भरवावी. लहान मुलाला पाच तास बसवून ठेवण्यात शिक्षण कमी आणि राखण अधिक असते. त्याला तीन तास पुरेत, आणि वाचलेल्या वेळात दुसरी तुकडी शिकेल.

या युक्तिवादाचे बळ मान्य केले पाहिजे. शाळेबाहेरील मुलाच्या दृष्टीने तीन तास हे शून्याहून अधिक आहेत. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा केला आणि सक्तीची व्याप्ती वाढविण्यास सुरुवात झाली, तेव्हा खालच्या इयत्तांसाठी पाळी-पद्धती स्वीकारली गेली ती याच विचाराने. १९४४ च्या सार्जंट योजनेत सार्वत्रिक शिक्षणाला चाळीस वर्षे दिली होती. खुद्द खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती मुदत सोळा वर्षांवर आणली. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहाच वर्षे दिली. एवढ्या घाईत घड्याळाला हात न लावता निभावणे कठीणच होते.

येथे मद्रासचा दाखला उद्बोधक आहे. १९५३ साली राजगोपालाचारींनी तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास तीनवर आणले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असे सुचविले. ही जातिधंद्यांची पुनःस्थापना होय असा गदारोळ उठला आणि १९५४ साली कामराज यांनी ती योजना मागे घेतली. मुंबई राज्यात तशी खळबळ झाली नाही, कारण उरलेल्या वेळात मुलाने काय करावे याविषयी येथे कोणी काही बोललेच नाही. मौनाने येथील योजना वाचली. परंतु गरीब घरातील मुलाचा उरलेला वेळ मौनाने भरत नसतो. तो पाणी भरण्यात, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात किंवा दुकानात जातो.

या संदर्भात ‘पाळी’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. शेतीच्या बोलीत पाण्याची पाळी असते : पाणी थोडे आणि शेते अनेक, म्हणून वाटून घ्यावयाचे. गिरणीत दिवसपाळी व रात्रपाळी असते : यंत्र महाग आणि माणसे पुष्कळ, म्हणून यंत्र थांबू द्यावयाचे नाही. शाळेने हा शब्द उचलला तेव्हा त्यात दोन्ही अर्थ मिसळले होते. परुळेकरांच्या मनात पाण्याची पाळी होती. प्रशासनाच्या हाती मात्र ती गिरणीची पाळी झाली. पुढे मुंबईच्या शाळांनी ‘सकाळचे अधिवेशन’ व ‘दुपारचे अधिवेशन’ हे भारदस्त शब्द पत्करले आणि टंचाईची आठवणही भाषेतून पुसली गेली. तात्पुरत्या व्यवस्थेला प्रतिष्ठित नाव मिळाले की ती कायम होते. प्रशासनाच्या परिभाषेत याची उदाहरणे थोडी नाहीत.

उपनगरांचा प्रश्न नेमका याच काळात उभा राहिला. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत नेण्यात आली. अंधेरी आणि घाटकोपर आत आले. १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि बोरिवलीही बृहन्मुंबईचा भाग झाली. शहराचे घड्याळही तेव्हा संक्रमणात होते. भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ शतकाच्या मध्यापर्यंत शहरात टिकून होती. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ साली सुमारे ३० लक्ष होती, ती १९६१ मध्ये ४१.५ लक्ष आणि १९७१ मध्ये जवळजवळ ६० लक्ष झाली. वाढीचा भार कोठे पडला हे पाहिले पाहिजे. १९६१ ते १९७१ या दशकात बेटावरील शहरात सुमारे तीन लक्षांची भर पडली, तर उपनगरांत पंधरा लक्षांहून अधिक. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे नंतरच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दुतर्फा कारखाने उभे राहिले. अंधेरीच्या पूर्वेस औद्योगिक वसाहत झाली. टेकड्यांच्या उतारावर आणि खाजणांच्या कडेने झोपड्या वाढल्या. माणसे आली त्या वेगाने शाळेच्या खोल्या येणे शक्य नव्हते. त्यातून मुंबईचे वैशिष्ट्य असे की, महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवीत आली. म्हणजे एका इमारतीत केवळ दोन पाळ्या नव्हेत, तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा निरनिराळ्या शाळा एकमेकींच्या शेजारी आणि एकमेकींच्या मागोमाग भरू लागल्या. मराठीत शाळा ‘भरते’ आणि ‘सुटते’; उपनगरी इमारतीत एक सुटण्याच्या क्षणाला दुसरी भरत होती. सुटल्यानंतर त्याच खोलीत बसून अभ्यास करावा, फळ्यावर चार गणिते सोडवावी, मैदानात रेंगाळावे, यांस अवसर उरला नाही. पाळी-पद्धतीने अध्यापनाचे तास कमी झाले हे सर्वांना दिसले. शाळेच्या जागेवरील मुलाचा हक्कही आखडला, हे फारसे कोणी नोंदविले नाही.

ज्याच्या घरी दोन खोल्या आहेत त्याला याची झळ कमी लागते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात तेथे शाळा सुटणे म्हणजे अभ्यासाची जागा संपणे. उपनगरांतील चाळींतून आणि वसाहतींतून समाजमंदिरांच्या, गणेशोत्सव मंडळांच्या आणि ग्रंथालयांच्या आश्रयाने ज्या अभ्यासिका निघाल्या, त्या या उणिवेवर लोकांनी आपल्या बळावर शोधलेला उपाय होत. त्यांचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने घाटकोपर किंवा बोरिवली एवढाच परिसर घेऊन मंडळांची इतिवृत्ते व हजेरीवह्या तपासल्या तर शालेय काळाच्या अभ्यासात मोलाची भर पडेल.

नाईकांनी परुळेकरांसमवेत १९४८ साली भारतीय शिक्षणसंस्था मुंबईत स्थापन केली; १९७६ पर्यंत तिचे ठाणे याच शहरात होते आणि नंतर ती पुण्यास गेली. शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर संशोधनाची बैठक घालण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. १९५२ साली भारतातील सक्तीच्या शिक्षणावर युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे, ख्वाजा गुलाम सैयदैन व आबिद हुसेन यांच्यासह, नाईक एक लेखक होते. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला तेव्हा नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. जून १९६६ मध्ये आयोगाने आपला अहवाल शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांना सादर केला.

काळाच्या प्रश्नावर हा अहवाल दुहेरी आहे आणि तेच त्याचे मोठेपण होय. एका बाजूने त्याने अर्धवेळ शिक्षणाचा जोरदार पुरस्कार केला. दुसऱ्या बाजूने जी शाळा पूर्णवेळ आहे तिचा काळ वाढविण्याचा आग्रह धरला : शाळांचे कामाचे दिवस वर्षाला सुमारे २३४ आणि महाविद्यालयांचे २१६ असावे, सुट्ट्या मोजक्या असाव्या, दीर्घ सुट्टीचा उपयोग अभ्यास, श्रम व समाजसेवा यांसाठी व्हावा. आणि तिसरी, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली शिफारस : ज्यांच्या घरी अभ्यासास जागा नाही अशा मुलांसाठी शाळेच्या वेळेबाहेर दिवसभर उघडी राहणारी अध्ययनकेंद्रे आणि रात्री मुक्कामाची सोय. ज्यास आज पाश्चात्त्य परिभाषेत अध्ययनकाळाचा विस्तार म्हणतात, तो येथे १९६६ सालीच पूर्ण रूपात मांडलेला आहे. अमेरिकेत ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ या १९८३ च्या अहवालाने सात तासांचा दिवस आणि २०० ते २२० दिवसांचे वर्ष सुचविले. चिलीने १९९७ साली कायदा करून दोन पाळ्यांच्या शाळा पूर्ण दिवसाच्या करावयास घेतल्या. आपल्याकडील शिफारस त्यांच्याहून जुनी आणि गरिबांच्या घराचा अधिक विचार करणारी होती. फरक एवढाच की, चिलीने पाळी रद्द करण्यासाठी नव्या वर्गखोल्यांवर पैसा खर्च केला.

या तीन शिफारशी परस्परावलंबी होत्या. अर्धवेळ शिक्षण न्याय्य ठरावयाचे तर अर्धवेळ शिकणाऱ्याला अन्यत्र जागा, पुस्तक व मार्गदर्शन मिळावयास हवे. शासनाने तिन्हींतून एकच, तीही खर्च वाचविणारी, उचलली. १९७९-८० पासून केंद्र सरकारची अनौपचारिक शिक्षणाची योजना सुरू झाली. सायंकाळी दोनेक तास चालणारी, अल्प मानधनावरील स्थानिक शिक्षक असलेली केंद्रे निघाली. नाईकांनी लवचीकता मागितली होती. राज्याने काटकसर घेतली. १९७५ साली समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न येणारा त्रिकोण असे ज्याचे वर्णन त्यांनी केले, त्याचाच हा प्रत्यय होता. ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईकांचे निधन झाले, त्यामुळे या योजनेची पुढील वाटचाल त्यांना पाहावयास मिळाली नाही. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनी मात्र पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९७९ पासून अनौपचारिक वर्गांचा प्रदीर्घ प्रयोग केला. दिवसा गुरे राखणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुली तेथे कंदिलाच्या उजेडात शिकल्या. योग्य शिक्षक, योग्य साहित्य आणि गावाचा सहभाग असेल तर अर्धवेळ शिक्षण दुय्यम राहत नाही, हे त्या प्रयोगाने दाखविले. परंतु ‘असेल तर’ या दोन शब्दांवरच सगळी मदार होती.

टीका झाली ती याच ठिकाणी. मायरन वायनर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, भारतात बालमजुरी टिकते ती दारिद्र्यामुळे नव्हे, तर गरिबांच्या मुलांनी काम करणे स्वाभाविक आहे असे वरिष्ठ वर्ग मानतो म्हणून. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या संस्थेने आणखी कडक भूमिका घेतली : जे मूल शाळेत नाही ते श्रमिकच होय, आणि त्याला रात्रीची नव्हे, दिवसाची पूर्ण शाळा मिळाली पाहिजे. त्यांनी निवासी सेतुवर्ग भरवून मोठ्या मुलांना वयानुरूप इयत्तेत पोचविले. नाईकांच्या बाजूने असे म्हणता येईल की, सेतुवर्ग म्हणजे प्रवेशाचे दुसरे दारच. तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे खरे ठरले. परंतु मुलाच्या कामाशी शाळेने जुळवून घ्यावे की शाळेसाठी मुलाचे काम सुटावे, या मूळ प्रश्नावर सिन्हा यांचे उत्तर अधिक न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. नाईकांनी कुटुंबाची गरज गृहीत धरली. सिन्हा यांनी तिला आव्हान दिले.

ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कोसबाडच्या प्रयोगाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली; गुरे चरतात तेथे शिक्षक जात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात व एकाच वेळी चालविण्याची त्यांची योजना. धाकटे भावंड पाळणाघरात असले म्हणजे थोरली मुलगी वर्गात बसू शकते. अधिक अध्ययनकाळ निर्माण करण्याची ही रीत घड्याळ न लांबविता मुलीचे ओझे उतरविते. धोरणकर्त्यांनी हिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. तिने झोपडवस्त्यांतून कोणाच्या ओटीवर, कोणाच्या देवळात बालवाड्या भरविल्या. पुढे ‘बालसखी’ हा उपक्रम आला. महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत असूनही ज्यांना वाचता येत नाही अशा पंधरा-वीस मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात त्याचे परीक्षण केले. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. या मुलांच्या शाळांतील सरासरी गुण पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतके वाढले, आणि लाभ मुख्यतः सर्वांत मागे असलेल्यांना झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची : बालसखीचे दोन तास शाळेच्या वेळेतलेच होते. शाळेचा दिवस एका मिनिटानेही लांबला नव्हता. इयत्तेऐवजी मुलाच्या पातळीप्रमाणे गट पडला, एवढेच झाले. पंतोजीच्या शाळेत वर्ग नव्हते याचे नाईकांनी केलेले समर्थन या आकड्यांच्या उजेडात पुन्हा वाचण्यासारखे आहे. पण उपक्रम संपल्यावर वर्षभरात लाभाचा बराच अंश ओसरला, हेही त्याच परीक्षणात नोंदलेले आहे. घेतलेला वेळ टिकण्यासाठी पुढेही वेळ द्यावा लागतो.

२००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, शाळेच्या काळाला प्रथमच कायद्याच्या अनुसूचीत स्थान दिले. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास. भागाकार केला तर खालच्या इयत्तांना दिवसाला चार तास आणि वरच्यांना सुमारे साडेचार तास पडतात. दोहोंची बेरीज साडेआठ तासांच्या आसपास होते. सकाळी सातला उघडून संध्याकाळी बंद होणाऱ्या उपनगरी इमारतीत दोन्ही अधिवेशने त्यात सहज बसतात. कायदा करणाऱ्यांच्या मनात पाळी-पद्धती होती असे म्हणण्यास आधार नाही. तथापि परिणाम असा झाला की, परुळेकरांनी निरुपायाने सुचविलेला अर्धा दिवस कायदेशीर पूर्ण दिवस ठरला. आयोगाचे २३४ दिवस आणि कायद्याचे २०० दिवस यांत दरवर्षी ३४ दिवसांचे अंतर आहे. पाच वर्षांत ते १७० होते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण शालेय वर्ष. २३४ ही शिफारस होती व २०० ही किमान मर्यादा आहे, हा भेद मान्य करूनही, मधल्या चार दशकांत अपेक्षाच खाली आली हे नाकारता येत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०.८५ लक्ष आणि उपनगर जिल्ह्याची ९३.५७ लक्ष होती. तेव्हा मुंबईतील शालेय काळाचा प्रश्न हा आता प्राधान्याने उपनगरांचाच प्रश्न आहे.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावे असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू होता आणि तो योग्यच होता. परंतु ज्या इमारतीत दोन अधिवेशने आहेत तेथे नऊचा आरंभ दुपारच्या शाळेला ढकलतो; तसे होऊ द्यावयाचे नसेल तर लहान वर्ग दुपारी आणि मोठे वर्ग सकाळी अशी अदलाबदल करावी लागते. तशी अदलाबदल होते तेथे थोरली बहीण सातला शाळेत जाऊन बाराच्या सुमारास परतते आणि धाकट्या भावाची शाळा तेव्हा भरते. आईवडील कामावर असतात. सकाळी त्या भावाला कोण सांभाळणार आणि दुपारी ती बहीण कोठे बसून अभ्यास करणार, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिल्याचे उत्तर कोसबाडच्या आवारात दिले गेले होते आणि दुसऱ्याचे १९६६ च्या अहवालात.